एकट्याला न मिळणारा करंडक

हिवाळा लागला, वारा पडला, म्हणजे विदर्भांतल्या लहान-मोठ्या गांवांतून एक दृश्य हटकून दिसूं लागतें. नागपूरहून अमरावतीकडे जाणार्‍या हमरस्त्यावर वर्धा जिल्ह्यांतील तळेगांव (श्यामजी पंत) लागतें. अशा गांवांत शाळेच्या किंवा एखाद्या घराच्या मोकळ्या अंगणांत दोन खांब रोंवून जाळें बांधतात, चुन्याच्या रेघा मारतात, वर दिवा टांगतात आणि जेवणाची हांक येईपर्यंत बॅडमिंटनचें पांढरें फूल इकडून तिकडे उडत राहतें. खेळणारे बहुधा चौघे असतात. कारण जाळें एक, दिवा एक आणि पाळीची वाट पाहणारे पुष्कळ. चौघांनीं खेळावें यामागें सोयीखेरीज दुसरा विचार नसतो. परंतु राष्ट्राराष्ट्रांमध्यें या खेळाच्या ज्या करंडकासाठीं पाऊणशें वर्षांपासून झुंज चालूं आहे, त्याचें मर्महि नेमकें येथेंच आहे. बॅडमिंटनमध्यें एकटा माणूस जगज्जेता होऊं शकतो; तो करंडक मात्र एकट्याला कधींहि जिंकतां येत नाहीं. महाराष्ट्राला, आणि भारतालाहि, हें सत्य उमजून पचविण्यास फार वर्षें लागलीं.

या खेळाचा आणि महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत असत व त्यांच्यामुळें तो कांहीं काळ ‘पूना’ याच नांवानें ओळखला जाई. पिसें खोंवलेलें बूच फळीनें हवेंत उडवीत ठेवण्याचा खेळ इंग्लंडांत आणि चीन-जपानांत त्याच्या पुष्कळ आधींपासून होता. पण त्यांत हार-जीत नव्हती. दोघांनीं मिळून तें बूच खालीं पडूं द्यावयाचें नाहीं, एवढाच त्याचा हेतु. मध्यें जाळें आलें तेव्हां सोबत्याचा प्रतिस्पर्धी झाला आणि नियमांची गरज उत्पन्न झाली. १८७३ च्या सुमारास पुण्यांत या खेळाचे नियम बांधले गेले, असें सामान्यतः मानतात. रजेवर मायदेशीं परतलेल्या अधिकार्‍यांनीं तो विलायतेस नेला. तेथें ग्लॉस्टरशायर परगण्यांतील ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्यावरून त्याला आजचें नांव चिकटलें आणि पुण्याचें नांव मागें पडलें.

इंग्लंडांतील मंडळांनीं १८९३ सालीं आपली संघटना स्थापन केली व १८९९ पासून ‘ऑल इंग्लंड’ स्पर्धा सुरू झाली. आरंभीं खेळाची जागा डमरूच्या आकाराची असे. जाळ्यापाशीं अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद. १९०१ सालीं ती आजच्यासारखी सरळ काटकोनी झाली. पुढें १९३४ सालीं नऊ देशांच्या संघटनांनीं एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय महासंघ उभारला. त्याच वर्षीं भारतीय बॅडमिंटन संघटनाहि जन्मास आली. म्हणजे ज्या भूमींत नियम बांधले गेले, तेथील लोकांनीं हा खेळ रीतसर आपल्या हातीं घेण्यास साठ वर्षें लोटलीं.

आंतरराष्ट्रीय महासंघाचे पहिले अध्यक्ष सर जॉर्ज थॉमस हे मोठे विलक्षण गृहस्थ होते. ऑल इंग्लंड स्पर्धेंत एकेरी, दुहेरी व मिश्र दुहेरी मिळून त्यांनीं एकवीस विजेतेपदें मिळविलीं होतीं. त्याखेरीज बुद्धिबळांत ते १९२३ व १९३४ अशीं दोन वर्षें ब्रिटनचे विजेते होते. टेनिसमध्यें जसा डेव्हिस करंडक आहे, तशी बॅडमिंटनमध्येंहि राष्ट्रांच्या संघांची स्पर्धा असावी, या हेतूनें त्यांनीं १९३९ सालीं एक करंडक देऊं केला. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें आणि करंडक तसाच पडून राहिला. अखेर १९४८-४९ मध्यें दहा राष्ट्रांनीं पहिल्या स्पर्धेसाठीं नांवें नोंदविलीं. इंग्लंडांतील प्रेस्टन येथें १९४९ च्या फेब्रुवारींत मलायानें डेन्मार्कचा आठ विरुद्ध एक असा पराभव केला व थॉमस करंडक प्रथम आशिया खंडांत आला.

या स्पर्धेची रचना बारकाईनें पाहण्यासारखी आहे. दोन देशांच्या लढतींत तेव्हां नऊ सामने होत. पांच एकेरीचे व चार दुहेरीचे. संघांतील पहिल्या दोन खेळाडूंनीं प्रतिपक्षाच्या पहिल्या दोघांशीं आलटून पालटून खेळावयाचें, तिसर्‍यानें तिसर्‍याशीं. दोन जोड्यांनीं समोरच्या दोन्ही जोड्यांशीं खेळावयाचें. आतां हिशेब करावा. संघांतला सर्वांत बलाढ्य खेळाडू एकेरीचे दोन व दुहेरीचे दोन, असे फार तर चार सामने जिंकून देईल. विजयाला मात्र पांच हवेत. पटावर एकटा वजीर कितीहि फिरला तरी प्याद्यांच्या आधाराविना डाव साधत नाहीं, हें थॉमस यांच्यासारख्या बुद्धिबळपटूस सांगावयास नकोच होतें. देशांतला सर्वोत्तम खेळाडू कोण, असा प्रश्न हा करंडक विचारीत नाहीं. त्याच्या खालचा, आणि त्याच्याहि खालचा खेळाडू किती तयारीचा आहे, असें तो विचारतो.

या प्रश्नाचें उत्तर भारतापाशीं तेव्हां नव्हतें. गुणी माणसें होतीं, पण सुटीं सुटीं. १९४७ सालीं लाहोरचे प्रकाश नाथ व देविंदर मोहन हे दोघे ऑल इंग्लंड स्पर्धेसाठीं विलायतेस गेले. सोडतींत ते एकमेकांसमोर आले. एकमेकांना दमविण्यांत अर्थ नाहीं असें ठरवून त्यांनीं नाणें उडविलें. कौल प्रकाश नाथ यांच्या बाजूनें पडला आणि ते अंतिम सामन्यापर्यंत पोंचले. त्या दिवशीं सकाळीं वर्तमानपत्रांत लाहोरच्या दंगलीचें वृत्त त्यांच्या दृष्टीस पडलें. तें ओझें मनावर घेऊन ते खेळले व स्वीडनच्या कॉनी येप्सेन यांच्याकडून हरले. फाळणीनंतर त्यांना घरदार सोडून मुंबईस यावें लागलें. पाठीशीं संघ नाहीं, आणि सहा महिन्यांत पायांखालची भूमीहि नाहीं, अशी ती स्थिति होती.

यानंतर नंदू नाटेकर यांचा काळ आला. १९३३ सालीं सांगलीस जन्मलेले नाटेकर प्रथम टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेंत रामनाथन कृष्णन यांच्याकडून अंतिम सामन्यांत हार झाली व त्यांनीं बॅडमिंटनकडे मोर्चा वळविला. १९५३ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, ते राष्ट्रीय विजेते झाले. दुसर्‍याच वर्षीं ऑल इंग्लंडच्या उपउपांत्य फेरींत पोंचले आणि १९५६ सालीं कौलालंपूर येथें सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशांत विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांचा खेळ बळाचा नव्हता, नजाकतीचा होता. मनगटाच्या अलगद वळणानें फूल जाळ्याला लगटून पलीकडे उतरे आणि समोरचा खेळाडू जागच्या जागीं खिळून राही. १९६१ सालीं अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हां बॅडमिंटनचा पहिला मान त्यांनाच मिळाला.

थॉमस करंडकाच्या लढतींत १९५१ ते १९६३ या काळांत नाटेकर एकेरीचे सोळा सामने खेळले व त्यांतले बारा जिंकले. दुहेरीचेहि ते सोळाच सामने खेळले; त्यांत विजय आठ. या दोन आंकड्यांत त्या काळच्या भारतीय बॅडमिंटनचा इतिहास सांठविला आहे. एकेरींत जो खेळाडू चारांपैकीं तीन सामने जिंकतो, तोच दुहेरींत निम्म्यावर येतो. कारण तेथें जिंकण्यास दुसरा तोडीचा जोडीदार लागतो, आणि जोडी ही वर्षानुवर्षांच्या सहवासानें घडते. १९५२ व १९५५ या दोन्ही वेळीं भारत उपांत्य टप्प्यापर्यंत गेला व तेथून परतला. मलायानें लागोपाठ तीन वेळां करंडक राखला. १९५८ सालीं तो इंडोनेशियानें नेला. या देशांत बॅडमिंटन हा चार सभ्य गृहस्थांच्या मंडळाचा विरंगुळा राहिला नव्हता, तो गल्लोगल्लीं पोंचला होता. आपल्याकडे नाटेकर होते, पण नाटेकरांच्या मागें रांग नव्हती.

स्त्रियांच्या बाबतींत तर याहून वेगळी खंत आहे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांतील संस्कृतचे प्राध्यापक आणि क्रिकेटचे थोर खेळाडू दि. ब. देवधर यांच्या तीन मुली, तारा, सुंदर व सुमन, यांनीं १९४० नंतरच्या दशकांत भारतांतील स्त्रियांच्या बॅडमिंटनवर अक्षरशः राज्य केलें. पोरींनीं मैदानांत उतरणें ज्या काळीं अनेक सुशिक्षित घरांतूनहि रुचत नसे, त्या काळचा हा प्रकार आहे. घरांतल्या घरांत तिघी तोडीस तोड! एकमेकींशीं खेळूनच त्यांची तयारी होई. नाटेकरांना पुरुषांत जें मिळालें नाहीं, तें पाठबळ या तिघींनीं एका छपराखालीं उभें केलें होतें. परंतु त्यांच्या ऐन बहराच्या वर्षांत स्त्रियांसाठीं राष्ट्रांचा करंडकच अस्तित्वांत नव्हता.

इंग्लंडच्या नामांकित खेळाडू बेटी उबर यांनीं १९५० सालीं अशा करंडकाची कल्पना मांडली आणि १९५६-५७ मध्यें उबर करंडकाची पहिली स्पर्धा झाली. लिथॅम सेंट अ‍ॅन्स येथें १९५७ च्या मार्चांत अमेरिकेच्या स्त्रियांनीं डेन्मार्कला सहा विरुद्ध एक असें हरवून तो जिंकला. पहिल्याच स्पर्धेंत भारतानेंहि आपला संघ उतरविला होता. उबर करंडकाच्या लढतींत तेव्हां सात सामने असत. तीन एकेरीचे व चार दुहेरीचे. येथेंहि हिशेब तोच. एक स्त्री फार तर तीन सामने जिंकील, विजयाला चार हवेत. एकेरीचे तिन्ही सामने आणि दुहेरीची एक जोडी जिच्यांतून उभी राहिली असती, अशी देवधर भगिनींची त्रयी त्या आधीं दहा वर्षें पुण्यांत तयार होती. कर्तृत्व आधीं आलें आणि संधि मागाहून आली. इतिहासांत असे चुकलेले मुहूर्त थोडे नाहींत.

मध्यंतरींचा काळ थोडक्यांत सांगतां येईल. १९७९ सालीं प्रकाश पदुकोण यांच्या काळांत भारत पुन्हां एकदां थॉमस करंडकाच्या उपांत्य फेरींत गेला व डेन्मार्कपुढें थांबला. पुढच्याच वर्षीं पदुकोण ऑल इंग्लंडचे विजेते झाले; २००१ सालीं पुल्लेला गोपीचंद यांनीं तोच पराक्रम केला. एकेक शिखर उंच उठत होतें, पण डोंगररांग तयार होत नव्हती. १९८४ पासून दोन्ही करंडकांच्या स्पर्धा एकाच ठिकाणीं, दर दोन वर्षांनीं होऊं लागल्या व प्रत्येक लढत पांच सामन्यांची झाली. तीन एकेरीचे, दोन दुहेरीचे. १९८९ सालीं जाकार्ता येथें स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांसाठीं सुदिरमान करंडकहि सुरू झाला. नियम बदलले, तरी गणित बदललें नाहीं. आतां एक खेळाडू फार तर दोन सामने जिंकणार, आणि विजयाला तीन हवेत. एकट्याला एक सामना नेहमींच कमी पडावा, अशीच जणू या स्पर्धेची योजना आहे.

हा एक सामना किती महाग पडतो, याचा अनुभव भारताच्या स्त्रियांना २०१४ सालीं दिल्लींत आला. उबर करंडकाच्या उपांत्य लढतींत जपानविरुद्ध साइना नेहवाल व पी. व्ही. सिंधू या दोघींनीं आपापले एकेरीचे सामने जिंकले. जगांतील कोणत्याहि संघाला हेवा वाटावा अशी ती जोडगोळी होती. परंतु उरलेले तिन्ही सामने गेले आणि भारत दोन विरुद्ध तीन असा हरला. कांस्यपदक मिळालें, तें पहिलेंच होतें, म्हणून कौतुकहि झालें. मात्र दोन तारका मिळून संघ होत नाहीं, हें त्या सायंकाळीं स्पष्ट झालें.

याच्या उलट अनुभव २०२१ सालीं डेन्मार्कमधील आर्हुस येथें आला, आणि त्यांत विदर्भाचा वांटा होता. स्पेनविरुद्धच्या लढतींत पहिल्याच सामन्यांत साइना नेहवाल दुखापतीमुळें खेळ सोडून बाहेर आल्या. आघाडीचा मोहराच पडला. तेव्हां नागपूरच्या मालविका बनसोड कोर्टवर उतरल्या आणि सरळ दोन डावांत जिंकल्या. आदिती भट या दुसर्‍या तरुण मुलीनेंहि आपला सामना जिंकला व भारतानें लढत तीन विरुद्ध दोन अशी घेतली. जगाच्या वृत्तपत्रांत या विजयाचा फारसा गाजावाजा झाला नाहीं. परंतु संघाच्या खेळांत खरी प्रगति अशाच ठिकाणीं मोजावयाची असते. पहिली पडली तरी दुसरी आणि तिसरी उभी राहते, हें भारतीय संघाच्या बाबतींत आतां म्हणतां येऊं लागलें.

त्यानंतर सात महिन्यांनीं, २०२२ च्या मे महिन्यांत, बँकॉक येथें पुरुषांची परीक्षा झाली. गटांतील लढतींत भारतानें जर्मनी व कॅनडा यांना हरविलें आणि चिनी तैपेईकडून हार पत्करली. पुढें वाट्यास आले ते देश जणू थॉमस करंडकाचा इतिहासच घेऊन उभे होते. प्रथम पहिल्या विजेत्या मलायाचा वारस मलेशिया. मग १९४९ चा पराभूत प्रतिस्पर्धी डेन्मार्क. आणि शेवटीं करंडक चौदा वेळां जिंकणारा इंडोनेशिया.

मलेशिया व डेन्मार्क या दोन्ही लढतींत एकाच क्रमानें घटना घडल्या. पहिल्या एकेरींत अल्मोड्याचा लक्ष्य सेन हरला. मुंबईचा चिराग शेट्टी व आंध्रचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांनीं दुहेरी जिंकून बरोबरी केली. किदंबी श्रीकांतनें दुसरी एकेरी जिंकली; दुहेरीची दुसरी जोडी हरली. दोन-दोन अशी बरोबरी होऊन सारा भार पांचव्या सामन्यावर, म्हणजे संघांतील तिसर्‍या क्रमांकाच्या एकेरी खेळाडूवर आला. केरळचे एच. एस. प्रणॉय हे तें नांव. दोन्ही वेळां ते जिंकले. डेन्मार्कविरुद्ध त्यांचा पाय घसरून घोटा दुखावला, पहिला डाव हातचा गेला. तरी लंगडत, सांवरत त्यांनीं पुढले दोन डाव घेतले. थॉमस यांच्या करंडकानें त्र्याहत्तर वर्षें भारताला जो प्रश्न विचारला होता, त्याचें उत्तर तेथें मिळालें.

१५ मे रोजीं इंडोनेशियाशीं गांठ पडली. आधींच्या दोन्ही लढतींत हरलेला लक्ष्य सेन अंतिम लढतींत पहिला डाव आठ-एकवीस असा गमावूनहि अँथनी गिंटिंगविरुद्ध जिंकला. मग आला तो दुहेरीचा सामना, भारताची सात दशकांची दुखरी जागा. समोर मोहम्मद अहसान व केविन संजया सुकामुल्जो हे कसलेले खेळाडू. पहिला डाव गेला. दुसर्‍या डावांत चार वेळां असा क्षण आला कीं एक गुण जातांच सामना संपला असता. चारहि वेळां चिराग-सात्त्विक यांनीं तो निभावला, डाव तेवीस-एकवीस असा घेतला व तिसरा एकवीस-एकोणीस असा जिंकला. श्रीकांतनें जोनातन क्रिस्टीला हरवितांच लढत तीन-शून्य अशी संपली. प्रणॉय यांना खेळावें लागलें नाहीं. ते कोर्टच्या कडेला उभे होते, आणि करंडकावर त्यांचा हक्क इतर कोणाहून कमी नव्हता. थॉमस करंडक जिंकणारा भारत हा सहावा देश ठरला.

त्या दुहेरीच्या जोडीचा वंशवृक्ष पाहिला म्हणजे एक गंमत ध्यानांत येते. चिराग शेट्टीचे प्रारंभींचे धडे मुंबईंत गोरेगांवला झाले, पूर्वीचे आंतरराष्ट्रीय खेळाडू उदय पवार यांच्या हाताखालीं. आणि पवार हे दुहेरींत प्रकाश पदुकोण यांचे जोडीदार होते. चिराग व सात्त्विक या दोघांना एकत्र खेळविण्याची दृष्टि मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांची. पुढें त्या जोडीला घांसून पुसून धार लावली ती डेन्मार्कच्या मातियास बो यांनीं. प्रेस्टनच्या पहिल्या अंतिम लढतींत जे दोन देश समोरासमोर होते, त्याच देशांच्या दोन गुरूंनीं भारताची उणीव भरून काढली. विद्या पुण्याहून विलायतेस गेली, तेथून जगभर फिरली आणि पुनः घरीं परतली ती अशी.

हा विजय एकदां झाला म्हणून कायमचा झाला, असें मात्र नाहीं. २०२४ सालीं चेंगदू येथें भारताला उपउपांत्य फेरींतच चीनपुढें हार खावी लागली. मागची रांग दर दोन वर्षांनीं नव्यानें तपासली जाते. ती लांब व्हावयाची तर खेळ छावणींतून मंडळांत आणि मंडळांतून महानगरांत आला, तेवढ्यानें भागणार नाहीं. हंसाच्या किंवा बदकाच्या सोळा पिसांचें, जेमतेम पांच ग्रॅम वजनाचें तें फूल वार्‍याच्या झुळकीबरोबर वाहवतें. म्हणून त्याला उंच छताची, बंदिस्त जागा लागते. ती जेथें नाहीं तेथील मुलांचा खेळ वारा पडण्याची वाट पाहत राहतो, आणि उन्हाळा आला म्हणजे जाळें गुंडाळून ठेवलें जातें.

तळेगांवच्या त्याच हमरस्त्यानें पूर्वेकडे गेलें म्हणजे नागपूर लागतें; तेथली एक मुलगी आर्हुसला पोंचली. त्या रस्त्यावरील गांवांत दिव्याखालीं चौघे जण खेळत असतात, त्यांच्यांतून जगज्जेता निघेलच असें कोण म्हणेल? परंतु करंडकाला जो तिसरा, चौथा, पांचवा खेळाडू लागतो, तो अशाच अंगणांतून यावयाचा असतो. त्याच्यासाठीं एक छप्पर उभें राहिलें पाहिजे.